उघडपणाची किंमत कोणी मोजायची?

जत्रेच्या नाटकाआधी आमच्याकडे सत्काराचा कार्यक्रम असतो. अंत्रुज महालातल्या, म्हणजे गोव्याच्या फोंडा भागातल्या, अनेक गावांत हा शिरस्ताच आहे. देवळासमोर मांडव, मांडवात रंगमंच, आणि तिसरी घंटा होण्याआधी तासभर शाल, श्रीफळ आणि भाषणे. काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमाला, मुंबईत मालिकांमधून नाव कमावलेल्या एका गावच्याच नटाला बोलावले होते. पत्रिकेवर रिवाजाप्रमाणे ‘सपत्नीक सत्कार’ असे छापून गेले होते. नट एकटाच आला. खण, नारळ आणि अबोलीचा वळेसर घालून ओटीचे ताट तयार होते. ते घेऊन उभी असलेली मुलगी गोंधळून इकडेतिकडे पाहू लागली, आणि निवेदकाने माइक बाजूला न करताच विचारले, ‘आणि सौ. कुठे आहेत?’ मांडवात हशा पिकला. नटही हसला आणि म्हणाला, ‘शोध चालू आहे.’ पुन्हा हशा. ओटीचे ताट आले तसे रंगपटात परत गेले आणि त्यातला नारळ नाटक संपल्यावर कोणीतरी घरी नेला.

त्या रात्री रंगपटात चहा पिताना त्याने मला सांगितले की गेली नऊ वर्षे तो एका माणसाबरोबर संसार करतो आहे. ‘संसार’ हाच शब्द त्याने वापरला. हे इथे लिहिण्याआधी मी त्याची परवानगी घेतली आहे. काही खुणा त्याने बदलायला सांगितल्या, त्या बदलल्या आहेत. तो समलिंगी आहे ही गोष्ट मला नवी नव्हती, आणि ती मला आधीपासून कशी ठाऊक होती, हा या लेखातला माझ्या दृष्टीने सर्वांत अवघड भाग आहे. त्याकडे मी नंतर येतो.

मनोरंजनाच्या व्यवसायातल्या समलिंगी कलावंतांची चर्चा निघाली की आपण लगेच धैर्याची भाषा बोलू लागतो. अमक्याने जाहीर केले म्हणून तो धाडसी, तमक्याने केले नाही म्हणून तो भित्रा, किंवा अधिक सभ्यपणे बोलायचे तर ‘त्याची ती खासगी बाब’. या दोन्ही बोलण्यांत एक सोय दडलेली आहे. प्रश्न कलावंताच्या छातीचा ठरला की ज्यांच्या हातात काम देणे-न देणे आहे ते सगळे प्रेक्षागृहात बसायला मोकळे होतात. माझे म्हणणे असे की हा प्रश्न धैर्याचा नसून दराचा आहे. उघडपणे जगण्यासाठी एखाद्या नटाला किती कामे, किती वर्षे आणि किती पैसे मोजावे लागतात, तो दर कोण ठरवतो, आणि तो नटानेच का भरायचा, हे विचारले पाहिजे.

आधी ‘खासगी बाबी’चा मुद्दा घेऊ, कारण तो सर्वांत अधिक ऐकू येतो आणि वरकरणी समंजसही वाटतो. ‘घरात काय करायचे ते करा, गावभर सांगता कशाला?’ असे म्हणणाऱ्या माणसाने एखादे मराठी वर्तमानपत्राचे रविवारचे पान उघडून पाहावे. नटाच्या लग्नाचे फोटो, नटीच्या डोहाळजेवणाचे फोटो, दोघांची ‘आमची पहिली भेट’ ही मुलाखत, मंगळागौर, पहिला दिवाळसण, बाळाचे बारसे. वाहिन्यांवर तर कलावंत जोडप्यांचे स्वतंत्र कार्यक्रम होतात. भिन्नलिंगी कलावंत आपली लैंगिकता दिवसरात्र जाहीर करत असतो आणि आपण तिला बातमी म्हणतो, कौतुक म्हणतो, संस्कृतीसुद्धा म्हणतो. समलिंगी कलावंताने ‘आम्ही दोघे’ एवढे दोन शब्द उच्चारले की मात्र ती जाहिरात होते. निमंत्रणपत्रिकेवर ‘सपत्नीक’ छापणाऱ्या समितीने त्या नटाच्या खासगी आयुष्याला हात घातलाच होता. फक्त त्याचे खरे उत्तर ऐकण्याची तयारी तिच्याकडे नव्हती.

आता व्यवसायाचा हिशेब मांडतो, कारण बाहेरच्या माणसाला तो ठाऊक नसतो. मराठी नटाचे पोट एका कामावर चालत नाही. नाटकात त्याला ‘नाईट’ मिळते, म्हणजे प्रयोगागणिक ठरलेली रक्कम. प्रयोग नाही तर नाईट नाही. मालिकेत ‘पर डे’ असतो आणि केलेल्या कामाचे पैसे बहुधा नव्वद दिवसांनी हाती पडतात. या दोन्हींच्या मधली फट भरून काढते ती ‘सुपारी’. दुकानाचे उद्घाटन, गणेशोत्सव मंडळाचा कार्यक्रम, दहीहंडी, आमदारबाईंचे हळदीकुंकू, गोव्यात आले की फुगडी स्पर्धेचे बक्षीस वितरण, अशा ठिकाणी अर्धा तास हजर राहण्याचे जे मानधन मिळते, ते पुष्कळदा आठवडाभराच्या चित्रीकरणापेक्षा अधिक असते. आणि सुपारी कोणाला मिळते? जो घराघरांतला मुलगा, जावई, भाऊ झाला आहे त्याला. म्हणजे नटाच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्याच्या अभिनयावर नव्हे, तर बायाबापड्यांनी त्याला आपल्या घरातला मानण्यावर उभा असतो. उघड झालेल्या समलिंगी नटाची मालिका कदाचित चालू राहील. सुपारी आधी आटेल, आणि ती का आटली हे त्याला कोणी सांगणार नाही.

न सांगणे ही या धंद्याची खरी रीत आहे. इथे नकार कधी लेखी येत नाही. ‘लूक टेस्टला जमलं नाही’, ‘वाहिनीला वेगळा चेहरा हवा होता’, ‘तारखा जुळत नाहीत’, आणि बहुतेक वेळा तर फोनच येत नाही. कारखान्यातल्या कामगाराला काढले तर निदान कागद मिळतो. नटाला ‘न घेतल्या’चा कागद कुठून मिळणार? त्यामुळे भेदभाव सिद्ध करता येत नाही, आणि सिद्ध करता येत नाही म्हणून तो नाहीच, असे सगळे मिळून म्हणतात.

यात आणखी एक गंमत आहे. गंमत हा शब्द मी कडवटपणे वापरतो आहे. नट समलिंगी आहे हे मेकअप रूमला माहीत असते, दिग्दर्शकाला माहीत असते, निर्मात्याला आणि वाहिनीलाही माहीत असते. माहीत नसते ते एकट्या प्रेक्षकाला, आणि त्याच्याच नावाने सगळ्यांनी तोंड शिवलेले असते. ‘आम्हाला काही नाही हो, पण प्रेक्षक स्वीकारणार नाही.’ अर्थात या प्रेक्षकाला कोणी विचारलेले नसते. चित्रपटसंकलक आणि पटकथाकार अपूर्व असराणी यांनी २०२० मध्ये जाहीरपणे सांगितले होते की भाड्याचे घर मिळावे म्हणून आपण आणि आपला जोडीदार तेरा वर्षे चुलतभाऊ असल्याचे सोंग करत राहिलो. पडद्यामागे स्थिरावलेल्या, मान मिळालेल्या माणसाची ही अवस्था. पडद्यासमोरच्याला तर ते सोंग घराबाहेरही वठवावे लागते, आणि ते इतके चोख वठवावे लागते की खऱ्या भूमिकेसाठी अंगात बळ उरू नये.

गोव्याबद्दल बोलायचे तर बाहेरच्या माणसांचा एक आवडता समज आहे: ‘गोव्यात सगळं चालतं.’ चालते, पण ते पाहुण्यांचे. कळंगुट-बागाच्या किनारपट्टीवर, हणजुणेच्या एखाद्या क्लबमध्ये, पणजीच्या एखाद्या कलादालनात दोन पुरुष हातात हात घालून फिरले तर कोणी मान वळवत नाही, कारण ते उद्या विमानाने जाणार असतात. त्याच किनाऱ्यावर रात्रीच्या कार्यक्रमाला ध्वनियोजना सांभाळणारा सांगे किंवा सत्तरीचा मुलगा पहाटे दुचाकीवरून घरी परततो तेव्हा त्याचे काय चालते, हे पर्यटन खात्याच्या पत्रकात येत नाही. पाहुण्याला दिलेली मोकळीक आणि घरच्याला दिलेला हक्क यांत फरक आहे, आणि गोवेकराने निदान स्वतःशी तरी तो कबूल करावा. २०१५ च्या जानेवारीत राज्याच्या युवा धोरणाविषयी बोलताना तेव्हाच्या क्रीडामंत्र्यांनी समलिंगी तरुणांना ‘नॉर्मल’ करण्यासाठी केंद्रे काढण्याची आणि गरज पडल्यास औषधे देण्याची भाषा केली होती. देशभर टीका झाल्यावर सरकारने सारवासारव केली. पण ते बोलणे मंत्र्यांच्या तोंडून गेले तेव्हा आमच्या भागातल्या चहाच्या दुकानांत कोणाला त्यात वावगे वाटल्याचे मला आठवत नाही.

याच्या उलट बाजूला वेंडेल रॉड्रिक्स यांचे नाव घ्यावे लागेल. कोलवाळच्या या फॅशन डिझायनरने आपले समलिंगी असणे कधी लपवले नाही, आपल्या फ्रेंच जोडीदाराबरोबर तो गोव्यात उघडपणे राहिला, कुणबी साडीला त्याने पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि २०२० च्या फेब्रुवारीत तो गेला तेव्हा सगळ्या गोव्याने त्याला आपला म्हटले. त्याच्या बाबतीतली एक तारीख मात्र विसरू नये. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निर्णय फिरवून, कलम ३७७ पुन्हा जिवंत केले; समलिंगी संबंध पुन्हा गुन्हा ठरला. त्यानंतर दीड महिन्याने, २०१४ च्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला जाहीर झालेल्या पद्म पुरस्कारांच्या यादीत रॉड्रिक्स यांचे नाव पद्मश्रीसाठी होते. एकच राज्यसंस्था एका हाताने पदक देत होती आणि दुसऱ्या हातात जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेची तरतूद धरून बसली होती. कलावंताचे कौतुक करणे आणि माणसाला जागा देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट कोणी दाखवू शकले नसते. शिवाय रॉड्रिक्स यांचे जग मुंबईचे, परदेशाचे, इंग्रजीचे होते. फोंडा, डिचोली, पेडण्याच्या मराठी रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या मुलाला त्यांचे उदाहरण चंद्रासारखे दिसते; दिसते छान, पण त्याच्या उजेडात वाट सापडत नाही.

आणि हा मराठी रंगमंच तरी कसला? स्त्रीवेश घेतलेल्या पुरुषावर ज्याने जीव ओवाळून टाकला तो. बालगंधर्व ज्या पद्धतीने नऊवारी नेसत, जे दागिने घालत, त्यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रिया करत. आमच्या मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर स्त्रीभूमिकांतूनच प्रथम गाजले. १९३३ मध्ये गोव्याच्याच ज्योत्स्ना भोळे नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेच्या रंगमंचावर आल्या आणि स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करावी हा विचार शहरांत मूळ धरू लागला. खेड्यापाड्यांतल्या उत्सवी नाटकांत मात्र ‘स्त्रीपार्टी’ नट त्यानंतर कित्येक दशके टिकून राहिला. हे नट समलिंगी होते असे मी मुळीच सुचवत नाही. भूमिका आणि प्रवृत्ती यांची गाठ मारणे हीच तर मूळ चूक आहे. मला एवढेच दाखवायचे आहे की ‘प्रेक्षक स्वीकारणार नाही’ हे वाक्य ज्या प्रेक्षकाच्या नावावर खपवले जाते, त्याच्या आजोबा-पणजोबांनी रंगमंचावरच्या पुरुषात स्त्री पाहिली आणि उतरल्यावर त्याच पुरुषाला नारायणराव म्हणून हाक मारली. सोंग आणि माणूस वेगळे करण्याची कला या प्रेक्षकाला कोणी शिकवायला नको.

मात्र माणूस वेगळा करून त्याचे पुढे काय करायचे, याबाबत आमचा इतिहास तितका उजळ नाही. देवळांच्या सभामंडपात ज्यांचे गाणे ऐकायला महाजन, म्हणजे देवस्थानाचे मानकरी, पुढच्या रांगेत बसत, त्या देवळात गाण्या-नाचण्याची सेवा करणाऱ्या कलावंत समाजाच्या स्त्रियांना त्याच महाजनांच्या घरात कोणते स्थान होते? केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांना पुढे पद्मभूषण मिळाले, पण त्यासाठी त्यांना आधी गाव सोडून मुंबई गाठावी लागली. या समाजाने विसाव्या शतकात स्वतःला संघटित केले, गोमंतक मराठा हे नाव लावले, मुलांना शिकवले. त्याच समाजातले दयानंद बांदोडकर १९६३ मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. इथे तुलना थोडी लंगडते, हे मला कळते. पण एक गोष्ट बोचते. प्रतिष्ठा मिळवताना त्यातल्या कित्येक घरांनी गाणेच सोडले. समाजाने मान आणि कला यांतले एकच निवडायला लावले की माणूस मान निवडतो. त्याला कोण दोष देणार? तोटा होतो तो गाण्याचा. आज आम्ही समलिंगी नटापुढे हीच निवड ठेवली आहे: खरेपणाने जग किंवा नायकाची भूमिका कर.

आता त्या अवघड भागाकडे येतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने एका नाट्यस्पर्धेसाठी नाटक बसवायला घेतले. वाचनाला बावीस वर्षांचा एक मुलगा आला. सोळाव्या वर्षी त्याने गावच्या जत्रेत नायिकेची भूमिका केली होती, आणि त्या रात्री खोबरेल तेलाने रंग पुसत बसलेल्या त्या पोराच्या हातांचे मी स्वतः कौतुक केले होते; पदर सावरताना त्याची बोटे अशी चालत की शेवटच्या रांगेतल्या बाईलाही तो पदर जरीचा वाटावा. यावेळी त्याने नायकाचे स्वगत वाचले. आवाज, श्वास, शब्दांचे वजन, सगळे नेमके होते. त्या दिवशी आलेल्या अकरा जणांत त्याच्या जवळपास फिरकेल असा कोणी नव्हता. गावात त्याच्याबद्दल कुजबुज होती आणि ती माझ्या कानावर आलेली होती. मी त्याला सांगितले, ‘वाचन चांगलं आहे, पण देहबोली नायकाची नाही.’ ज्या हातांची मी वाखाणणी केली होती तेच हात आता मला आड आले. नायक म्हणून मी एका बँकेत नोकरी करणारा रुबाबदार तरुण घेतला. परीक्षकांनी शेरा दिला की नायक शब्द गिळतो. तो शेरा खरा होता. त्या मुलाला मी प्रॉम्प्टिंगला बसवले होते, आणि गिळलेला प्रत्येक शब्द तो विंगेतून स्पष्ट उच्चारत होता.

मला प्रेक्षकांची भीती होती का? नव्हती. मला भीती होती मंडळातल्या चार जणांची, जे म्हणाले असते, ‘ह्याला कशाला घेतला?’ एवढ्यासाठी मी ‘देहबोली’ हा शब्द वापरला, आणि तो शब्द शास्त्रीय वाटतो म्हणून मला अपराधी वाटले नाही. तो मुलगा वर्षभरात मुंबईला गेला. शाल घ्यायला एकटाच आलेला नट तोच.

माझ्यासारखे दिग्दर्शक गोव्यात आणि महाराष्ट्रात शेकड्याने असतील, आणि त्यांतल्या बहुतेकांना आपण भेदभाव करतो असे स्वप्नातही वाटत नसेल. म्हणून ‘देहबोली’चा थोडा विचार करू. अभिनयाला आपण मराठीत परकायाप्रवेश म्हणतो. हा प्रवेश दोन्ही दिशांनी खुला असला पाहिजे. भिन्नलिंगी नटाने समलिंगी माणसाची भूमिका केली की आपण त्याला ‘धाडसी’ म्हणतो. अलीगढ विद्यापीठातले मराठीचे प्राध्यापक रामचंद्र सिरस यांची भूमिका मनोज बाजपेयी यांनी केली आणि तिचे देशभर कौतुक झाले. ते योग्यच होते, कारण काम उत्तम होते. समलिंगी पात्रे समलिंगी नटांनीच करावीत, असा आग्रह हल्ली काही जण धरतात. तो मला मान्य नाही, कारण त्याने प्रत्येकाला त्याच्या त्याच्या खुराड्यात कोंडल्यासारखे होईल. पण मग उलट दिशेचा दरवाजा बंद का? समलिंगी नटाने चार मुलांचा बाप, रांगडा शेतकरी, प्रेमात पडलेला नवरदेव का करू नये? त्याला मिळते ती विनोदी कार्यक्रमातली साडी आणि मुरडलेली मान. वाहिन्यांवरच्या त्या साडीला बालगंधर्वांच्या साडीची परंपरा म्हणणे हा शुद्ध कांगावा आहे. तिथे प्रेक्षकाला स्त्री दिसत होती. इथे त्याने ‘बायल्या’ला हसावे अशी अपेक्षा आहे.

या शिक्क्याची धग काय असते हे गणपत पाटील यांच्या आयुष्यावरून कळावे. तमाशापटांतला नाच्या त्यांनी इतका हुबेहूब उभा केला की लोकांनी सोंगालाच माणूस मानले. ते बायकामुलांचे, संसारी गृहस्थ होते. तरी कुचेष्टा त्यांच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचली आणि दुसऱ्या तऱ्हेची भूमिका त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही. जो समलिंगी नव्हता त्याची ही गत, तर जो आहे त्याने कोणत्या भरवशावर तोंड उघडावे?

समलिंगी अभिनेत्रींबद्दल मी कमी लिहितो आहे, कारण मला त्यांचे जग कमी माहीत आहे. एवढे दिसते की तिथे कुजबुजसुद्धा होत नाही. लग्न न केलेल्या बाईचे ‘करिअर’ आडवे आले, असे म्हणून प्रकरण मिटते.

कायद्याचे सांगायचे तर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला. हा निकाल ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते नवतेजसिंग जोहर भरतनाट्यम नर्तक आहेत, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळवलेले. म्हणजे ही दारे उघडायला पुढे झालेला माणूस रंगमंचावरचाच होता. रंगमंचाने ते फारसे लक्षात ठेवलेले नाही. त्याआधी परिस्थिती काय होती? करण जोहर यांच्यासारख्या बलाढ्य निर्मात्याने २०१७ च्या आत्मकथनात लिहिले की आपण कोण आहोत हे सर्वांना ठाऊक आहे, पण ते शब्द आपण उच्चारणार नाही, कारण या देशात त्यासाठी तुरुंगात जावे लागू शकते. ती भीती आता गेली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच उरले नाही.

पण गुन्हेगार न ठरणे म्हणजे काम मिळणे नव्हे. लैंगिक कलावरून खासगी मालकाने काम नाकारले तर दाद मागावी असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे आजही नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा केवळ स्त्रियांना संरक्षण देतो. आणि ३७७ पूर्णच गेल्यामुळे प्रौढ पुरुषावर झालेल्या बलात्कारासाठी नव्या संहितेत वेगळे कलम नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून मुंबईत नवख्या आलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या गोव्याच्या मुलाचा विचार करा. त्याला काम मिळवून देतो म्हणणारा कोऑर्डिनेटर त्याचे गुपित ओळखून आहे. मुलगा तक्रार करायला गेला तर आधी गुपित फुटणार, मग गावाला कळणार, आणि हाती काहीच लागणार नाही. लपवणे सुरक्षित असते, असे जे आईबाप आणि हितचिंतक सांगतात त्यांनी हे ध्यानात घ्यावे की गुपित हे ज्याचे असते त्याच्यापेक्षा ज्याला ते कळले आहे त्याच्या कामाला अधिक येते.

परदेशात हे प्रश्न सुटले आहेत असेही नाही. अमेरिकेत विनोदी अभिनेत्री एलन डीजेनेरेस यांनी १९९७ मध्ये आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी त्यांची मालिका बंद पडली. पुन्हा जम बसायला २००३ साल उजाडले. इंग्लंडमध्ये अभिनेते इयन मॅकेलन यांनी १९८८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, रेडिओवरच्या चर्चेत हे सांगून टाकले. त्यांना १९९१ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला आणि जगभरच्या मुलांनी त्यांना पांढऱ्या दाढीचा जादूगार म्हणून ओळखले ते त्यानंतर दहा वर्षांनी. दोघांच्या वाट्याला आलेल्या या वेगळ्या फळांचे कारण मला त्यांच्या धैर्यात दिसत नाही. मॅकेलन यांच्या मागे तेव्हा रंगभूमीवरची पंचवीसहून अधिक वर्षे होती आणि त्यांना कामे देणारी रंगभूमी त्यांच्या बाजूला उभी राहिली. एलन यांची मालिका वाहिनीच्या आणि जाहिरातदारांच्या मर्जीवर चालत होती.

म्हणून कोणी जाहीर करावे किंवा करू नये, हे सांगण्याचा मला अधिकार नाही, आणि दुसऱ्याचे गुपित फोडणाऱ्याला तर मी क्षमाच करणार नाही, मग तो कितीही पुरोगामी असो. मी बोलतो आहे ते माझ्या बाजूच्या लोकांशी, म्हणजे निवड करणाऱ्यांशी. आपल्या हातात पुष्कळ काही आहे आणि त्यातले बरेचसे फुकट आहे. भूमिका नाकारताना वाचनाच्या टिपणात खरे कारण लिहावे लागेल असा नियम मंडळाने स्वतःलाच घालून घेतला, तर ‘देहबोली’सारखे शब्द लिहिताना हात अडखळेल, माझा अडखळला असता. गोव्यात तर नाट्यसंस्थांना कला व संस्कृती संचालनालयाचे अनुदान असते, रवींद्र भवन ही नाट्यगृहे सरकारी आहेत, स्पर्धा कला अकादमी घेते. त्यामुळे तक्रार समिती स्त्री-पुरुष न पाहता सर्वांचे ऐकेल अशी एक अट अनुदानाच्या कागदात घालणे ही अशक्य कोटीतली गोष्ट नाही. पत्रिकेवर ‘सपत्नीक’ऐवजी ‘सहकुटुंब’ छापायला तर छापखाना जादा पैसे घेत नाही. यावर आमच्या समितीतले एक ज्येष्ठ म्हणाले, ‘मग कुटुंब म्हणून कोणालाही आणतील.’ मी म्हटले, तेच तर.

यंदा आम्ही नवे नाटक बसवतो आहोत. त्यात एका भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, भूमिका आहे: करारी, उद्धट, चार मुलांचा बाप, आपल्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारांना दरडावणारा, आणि शेवटच्या अंकात एकटा पडलेला. वाचून झाल्यावर मी त्या नटाला मुंबईला फोन केला. वीस वर्षांपूर्वीच्या प्रसंगाबद्दल काहीतरी बोलावे म्हणून मी जुळवाजुळव करत होतो, पण त्याने मला मध्येच थांबवले. ‘भाई, ते राहू द्या. तारखा कोणत्या आणि नाईट किती?’ मी आमच्या मंडळाला झेपेल तो आकडा सांगितला. तो म्हणाला, कमी आहे, आणि तालमींच्या पंधरा दिवसांत राहण्याची सोय दोघांची लागेल. आकड्याबाबत मंडळाची बैठक येत्या रविवारी आहे. खोली दोघांची धरली आहे.